वालूरची पेठ आणि तिची पत

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील वालूर हे गाव बाहेरच्या लोकांच्या कानी आले ते गेल्या काही वर्षांत, आणि तेही तेथील चक्राकार पायऱ्यांच्या बारवेमुळे. गावकऱ्यांनी श्रमदानाने त्या बारवेतील गाळ व कचरा उपसून काढला, तिचे मूळ रूप पुन्हा उजेडात आणले, आणि जुन्या वास्तूंविषयी आस्था बाळगणारी माणसे वाट वाकडी करून तेथे येऊ लागली. ज्या गावाच्या भुईत एवढे दगडी वैभव दडलेले आहे, त्या गावात एके काळी द्रव्य होते, वर्दळ होती आणि द्रव्याची देवघेव करणारी माणसे होती, असे अनुमान कोणीही करील. त्या देवघेवीचा वारसा पुढे ज्या दुकानांच्या ओळीकडे येतो, ती ओळ वालूरच्या दर्जाच्या गावांतून आज निस्तेज का होत चालली आहे, हा प्रश्न मात्र बारवेइतका कुतूहलाचा विषय झालेला नाही.

वालूर हे महसूल मंडळाचे ठिकाण आहे. खेडे आणि तालुका यांच्या मधल्या पायरीवर ते उभे आहे. आसपासच्या लहान वस्त्यांनी मीठमिरची, कापडचोपड, लोखंडी सामान, दोरखंड आणि औषधपाणी यांसाठी जिकडे धाव घ्यावी अशी ही बाजारगावे मराठवाड्यात जागोजाग पसरलेली आहेत. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरील एखादे जुने दुकान उठले की वर्तमानपत्रांतून हळहळ व्यक्त होते. शेतीवरील अरिष्टासाठी समित्या नेमल्या जातात आणि त्यांचे अहवालही छापून निघतात. परंतु शेती आणि शहर यांना सांधणारी ही पायरी कशी झिजत आहे, याची दखल शहराविषयीच्या लिखाणात येत नाही आणि शेतीविषयीच्या लिखाणातही येत नाही. माझे प्रतिपादन आरंभीच सांगून टाकतो. बाजारगावाचे दुकान बसते त्याचे मूळ कारण गिऱ्हाईक दुसरीकडे गेले हे नसून, गिऱ्हाइकाला हंगामापर्यंत सांभाळून घेण्याची जी ताकद दुकानदाराच्या ठायी होती ती त्याच्या हातून निसटली, हे आहे. गिऱ्हाईक गेले ते त्यानंतर.

सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, आणि येथील व्यापाराची घडण समजून घ्यावयाची तर त्या अमलाची दोन वैशिष्ट्ये ध्यानात घ्यावी लागतात. एक म्हणजे करोडगिरी, म्हणजे राज्याच्या सरहद्दीवर मालाची जकात वसूल करणारे खाते. इंग्रजी मुलखातून येणारे कापड असो की काडेपेटी, करोडगिरीच्या नाक्यावर तिचा हिशेब चुकवूनच ती आत येत असे. दुसरे म्हणजे हाली शिक्का. निजामाचे सात हाली रुपये म्हणजे इंग्रजांचे सहा कलदार, असा तो भाव असे, आणि विलीनीकरणानंतरही हाली नाणे काही वर्षे कलदाराच्या जोडीने चालत राहून १९५९ मध्ये चलनातून गेले. दोन नाण्यांचा हिशेब आणि जकातीचा भार सांभाळून माल गावापर्यंत आणावयाचा, तर त्याला हिशेबी, पतवान आणि दूरवर लागेबांधे असलेला माणूसच लागे. १९०० च्या सुमारास मनमाडहून परभणीमार्गे सिकंदराबादकडे जाणारी गोदावरी खोऱ्यातील रेल्वे सुरू झाली, सेलू, मानवत, परभणी येथे सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने उभे राहिले, आणि या काळ्या जमिनीतला कापूस थेट मुंबईच्या बाजाराशी जोडला गेला. वालूरसारख्या आडगावच्या दुकानाची पत याच कापसावर उभी राहिली: त्याच्या एका हाताला सेलूची अडत होती आणि दुसऱ्या हाताला शेतकऱ्याचे शिवार.

या पेठांत बसणारी माणसे नाना जातिपंथांची होती. किराण्याच्या व कापडाच्या गादीवर मारवाडी, कोमटी, लिंगायत वाणी आणि जैन. बांगड्या घेऊन मन्यार व कासार. फळभाजीला बागवान, पानाला तांबोळी, सुगंधी द्रव्यांना आणि किरकोळ औषधी वस्तूंना अत्तार. एकेका धंद्याचे ज्ञान एकेका घरात पिढ्यानपिढ्या साठत गेलेले असे, आणि मालाची पारख ही त्यांची खरी मालमत्ता होती. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुत्या-अलुत्यांच्या व्यवस्थेचे विकल होत जाणारे रूप तपशिलाने मांडले आहे. पुढे जसजसा बलुतेदाराचा हक्क आकसत गेला, तसतसा पेठेतील दुकानाचा व्याप वाढत गेला. तेल्याच्या घाण्याऐवजी डब्यातील तेल आले, चांभाराच्या वहाणेऐवजी कारखान्याचा जोडा आला, कोष्ट्याच्या लुगड्याऐवजी गिरणीचे पातळ आले. आज जे दुकान मोडत आहे ते स्वतः एका पूर्वीच्या मोडतोडीवर वाढलेले आहे, ही गोष्ट त्याच्याविषयी ममत्व बाळगणाऱ्यानेही विसरू नये.

आता त्या दुकानाच्या अंतर्गत व्यवहाराकडे वळू. कारण सारे मर्म तेथे आहे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो तो वर्षातून एकदा, फार तर दोनदा. पूर्वी ज्वारी व कापूस, आता सोयाबीन व कापूस. पोट मात्र रोजचे, आणि लग्नकार्य, आजारपण, पाहुणा हे तर हंगामाची वाट न पाहता येणारे. मिळकतीचा काळ आणि खर्चाचा काळ यांच्यामधील ही दरी भरून काढणे, हेच बाजारगावच्या दुकानाचे मुख्य कार्य होते, आणि मालाची विक्री हे त्या कार्याचे साधन होते, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही. मृगाच्या तोंडावर शेतकऱ्याचे खाते उघडे राही. रोजकीर्दीत नोंद होई, खतावणीत नाव चढे. दिवाळीच्या सुमारास कापूस वेचून घरी आला की काही बाकी फिटे, राहिलेली पुढच्या पाडव्यापर्यंत किंवा अक्षय्य तृतीयेपर्यंत चाले. कोणाच्या विहिरीला पाणी किती आहे, कोणाचा मुलगा नोकरीला लागला, कोणाच्या घरी वाटणी होऊ घातली आहे, हे दुकानदारास ठाऊक असे, आणि त्या माहितीवर तो उधारीची मर्यादा ठरवी. बँकेच्या कारकुनाला जे ज्ञान दहा कागदपत्रे पाहूनही होत नाही, ते त्याला माणसाच्या येण्याजाण्यावरून होई. स्वतः त्याला सेलूचा घाऊक व्यापारी महिन्या-दीड महिन्याच्या मुदतीने माल देई, त्या घाऊक व्यापाऱ्याला मोठ्या शहराची पेढी मुदत देई, आणि अशा रीतीने शिवारातील एका कुटुंबाचे आषाढ-श्रावण दूरच्या कोणा पेढीच्या भांडवलावर निभावले जात असे.

या व्यवस्थेचे गोडवे गाऊन मी थांबणार नाही, कारण तिची काळी बाजूही इतिहासात नमूद आहे. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व दस्तऐवज जाळले, आणि त्या उठावाच्या परिणामी १८७९ चा दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा आला. निजामी मुलखातही रयतेची स्थिती याहून सुखाची नव्हती. दुकानदार व सावकार एकच असला, म्हणजे भाव त्याने ठरवावा, वजन त्याने करावे आणि व्याजही त्यानेच लावावे, असा तिहेरी पेच शेतकऱ्यावर बसे. तरीही एक भेद करावयास हवा. जमीन गहाण घेऊन ती गिळंकृत करू पाहणारा सावकार एक, आणि शंभर घरांच्या तेलमिठाची बाकी वागवणारा किराणा दुकानदार दुसरा. पहिल्याचे हित शेतकऱ्याच्या नाशात असू शकते. दुसऱ्याचे हित गिऱ्हाईक तगण्यात असते, कारण ते गेले तर वहीतील बाकी आणि पुढचा धंदा दोन्ही बुडतात. कायद्याने आणि समाजाने हे दोघे बहुधा एकाच मापाने मोजले.

ही पत कशी आटली, ते आता क्रमाने पाहू. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातील वह्यांत न फिटलेल्या बाक्यांचे डोंगर उभे केले. त्याच वर्षी महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली व खासगी व्यापाऱ्यास कच्चा कापूस घेण्यास मनाई झाली. शेतकऱ्यास वाजवी भाव मिळावा हा त्या योजनेचा हेतू स्तुत्य होता, यात शंका नाही. परंतु शेतकऱ्याचा कापूस घेऊन त्यातून बाकी वळती करण्याचा जो मार्ग पेठेला होता तो कायद्याने बंद झाला, आणि शिवाय सरकारी चुकारे हप्त्याहप्त्याने व विलंबाने होऊ लागल्याने बाकी फिटण्याची वेळ अनिश्चित झाली. पुढे योजना शिथिल होऊन विराम पावली, तोवर कापूस आणि किराणा यांची गाठ सुटून गेली होती.

पत आटली तरी गरज आटली नव्हती. तिने दुसरी घरे शोधली. २००२ मध्ये बीटी कापसाच्या बियाण्यास परवानगी मिळाली, त्यानंतर शेतीचा रोखीचा खर्च भराभर वाढला, आणि बाजारगावात सर्वांत भारदस्त दुकान झाले ते कृषी सेवा केंद्राचे. आज खरी मोठी उधारी बियाणे, खत आणि फवारणीच्या औषधांची आहे. किराण्याची वही तिच्यापुढे किरकोळ होऊन बसली. त्यानंतर खासगी वित्तसंस्था आल्या: मोटारसायकल हप्त्यावर, मोबाईल हप्त्यावर, आणि महिलांच्या गटांना साप्ताहिक वसुलीचे कर्ज. या हप्त्यांचे वैशिष्ट्य असे की ते हंगाम ओळखत नाहीत. सुगी असो वा उन्हाळा, ठरल्या दिवशी वसुलीवाला दारात उभा राहतो, आणि घरातील पैशावर पहिला हक्क त्याचा होतो. दुकानदाराच्या वाट्याला उरलेसुरले येते. पूर्वी सर्वांत अखेरीस बाकी मागणारा दुकानदार आजही सर्वांत अखेरीसच मागतो, फरक इतकाच की आता त्याची पाळी येईपर्यंत काही शिल्लकच राहत नाही. मला वाटते, आपल्या बाजारगावांच्या अवनतीचे हे सर्वांत थोडे अभ्यासलेले कारण असावे.

रस्त्यांची गोष्ट अशीच दुहेरी आहे. २००० सालच्या डिसेंबरात प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली, डांबरी रस्ते वाड्यावस्त्यांपर्यंत गेले, आणि वालूरच्या दुकानात माल आणणे सोपे झाले. परंतु त्याच रस्त्याने मोटारसायकलीवर बसून गिऱ्हाईक सेलूला, मानवतला, परभणीला जाऊ लागले. लग्नाचा बस्ता, सोने, फ्रीज, शाळेचे गणवेश ही मोठी व नफ्याची खरेदी शहराकडे सरकली, आणि गावच्या दुकानाकडे राहिली ती रोजची, नगण्य नफ्याची, पुड्यांची विक्री.

या पुडीचाही एक इतिहास आहे. तमिळनाडूत कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी शाम्पू छोट्या पुडीत विकण्याचा मार्ग काढला आणि १९८० च्या दशकात त्यांच्या पुत्रांपैकी सी. के. रंगनाथन यांनी तो खेड्यापाड्यांत पोचवला. मग चहा, तेल, मसाला, साबणाचा चुरा सारेच पुडीत शिरले. मजुराला दोन रुपयांत कंपनीचा माल मिळू लागला, ही सोय लहान नव्हती. पण सुट्या मालाचा भाव दुकानदार स्वतः ठरवी, त्यात निवड-पाखड करून, प्रतवारी लावून दोन पैसे मिळवी. पुडीवर किंमत छापलेली असते आणि तीतील त्याचा हिस्सा कंपनीने आधीच ठरवलेला असतो. मालाची पारख ही जी त्याची पिढीजात विद्या, तिची छापील पुडीला गरजच उरली नाही.

ऱ्हासाची चिन्हे कोणती, असे विचारले तर बहुतेक लोक कुलूप लावलेल्या शटरकडे बोट दाखवतील. वस्तुतः ते अखेरचे चिन्ह होय. त्याच्या फार आधी दुकानातील मालाचे प्रकार कमी होतात. दहा प्रकारच्या डाळी-कडधान्यांऐवजी चार राहतात, कोपऱ्यातील दोरखंड, कंदिलाच्या काचा, पूजेचे साहित्य हळूहळू दिसेनासे होते, कारण सावकाश खपणाऱ्या मालात पैसा गुंतवून बसण्याची ऐपत नसते. मग घाऊक व्यापारी मुदत देणे थांबवतो व रोखीने माल उचला म्हणतो. मग दारावर ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी लागते. पुढे रिकाम्या फळीवर मोबाईलचे रिचार्ज, झेरॉक्सचे यंत्र, आधारच्या अंगठ्यावर पैसे काढून देण्याची सोय येते. या सेवा उपयुक्त आहेत, पण त्यांतून मिळते ते कमिशन, आणि कमिशनावर जुन्या घराचा प्रपंच भागत नाही. शेवटी मुलगा गादीवर बसत नाही. तो परभणीला किंवा छत्रपती संभाजीनगरला शिकतो, पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यात लागतो, आणि दुकानदाराच्या मुलाला मुलगी द्यावयास लोक मागेपुढे पाहतात, ही गोष्ट घरोघर उघडपणे बोलली जाते. दुकान त्या दिवशीच संपलेले असते. शटर पुढे पाचदहा वर्षांनी खाली येते.

वारस नसणे हे कारण किती खोलवर जाते, याचा दाखला जपानात सापडतो. मोठ्या दुकानांना वेसण घालणारा कायदा जपानने १९७३ मध्ये केला. फ्रान्सनेही त्याच वर्षी त्याच हेतूचा कायदा केला. इतके संरक्षण असतानाही जपानातील किरकोळ दुकानांची संख्या १९८२ मध्ये सुमारे १७ लाख २० हजारांवर पोचून तेथून उतरणीस लागली. तो कायदा २००० मध्ये रद्द झाला, परंतु उतरण त्याच्या कितीतरी आधीची होती, कारण म्हाताऱ्या दुकानदारांच्या मागे बसणारे कोणी नव्हते. इंग्लंडात तर मोठी दुकानेही तरली नाहीत: वूलवर्थ्सची आठशेहून अधिक दुकाने २००९ च्या जानेवारीपर्यंत बंद झाली, आणि २०११ मध्ये सरकारला गावोगावच्या मुख्य पेठांचे काय करावे यावर मेरी पोर्टास यांच्याकडून अहवाल घ्यावा लागला. तेथील पेठ आणि आपली पेठ यांत महदंतर आहे. तिकडे ओझे भाड्याचे व स्थानिक कराचे आहे. आपल्याकडे दुकान बहुधा राहत्या घराच्या ओसरीवर असते, भाडे नसते, आणि म्हणूनच ते तोट्यात असूनही वर्षानुवर्षे उघडे दिसते.

ऑनलाइन व्यापाराचा उल्लेख मी मुद्दाम उशिरा करीत आहे. ॲमेझॉनने २०१३ मध्ये भारतात दुकान मांडले, २०१६ मध्ये स्वस्त डेटा घरोघर पोचला, आणि आता कपडे, चपला, मोबाईलचे साहित्य यांची पाकिटे तालुक्यांतून खेड्यांत जातात. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या वितरकांच्या अखिल भारतीय महासंघाने २०२४ मध्ये, एका वर्षात देशातील सुमारे दोन लाख किराणा दुकाने बंद झाल्याचा अंदाज वर्तवला. त्यांतील मोठा हिस्सा महानगरांतील होता. हा अंदाज एका बाजूच्या पक्षाचा आहे हे गृहीत धरूनही धोक्याची दिशा त्यावरून कळते. परंतु दहा मिनिटांत भाजी आणून देणारी गाडी वालूरला येत नाही, आणि तरीही तेथल्यासारख्या पेठा खचत आहेत. त्या अर्थी सारा दोष मोबाईलवर टाकणे म्हणजे खोल दुखण्याकडे डोळेझाक करणे होय. ऑनलाइन व्यापाराने तयार कपडे आणि पादत्राणे यांच्या दुकानांवर घाव घातला, हे खरे. पण घाव बसला तो आधीच अशक्त झालेल्या देहावर.

असे काही आघात एकामागून एक आले. नोटाबंदी ८ नोव्हेंबर २०१६ रोजी, ऐन कापसाच्या हंगामात आली, म्हणजे ज्या पंधरवड्यात वर्षाची बाकी फिटायची त्याच पंधरवड्यात रोकड नाहीशी झाली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला. लहान दुकानदार त्याच्या उलाढालीच्या मर्यादेखाली राहिला तरी त्याला माल देणारा घाऊक व्यापारी नोंदीच्या व्यवहारात बांधला गेला, आणि तोंडी शब्दावर चालणाऱ्या मुदतीची जागा बिलाच्या तारखेने घेतली. मार्च २०२० च्या टाळेबंदीत कापड, भांडी, पादत्राणे यांची दुकाने महिनोन्‌महिने बंद राहिली. त्याच काळात शहरांतून परतलेल्या कुटुंबांना हाती दमडी नसताना उधारीने धान्य देणारे कोण होते? गावोगावचे किराणा दुकानदारच. ही सेवा कोठल्याही सरकारी दप्तरात नोंदली गेली नाही, याचे मला दुःख आहे.

तथापि चित्र एकरंगी नाही. आठवडी बाजार अद्याप जिवंत आहे, किंबहुना काही ठिकाणी तो वाढला आहे. कारण फिरता विक्रेता भाडे देत नाही, उधारी देत नाही आणि एका आठवड्यात चार-पाच गावे करतो. औषधांची दुकाने, पंपदुरुस्ती, वेल्डिंग, बेकरी हे धंदे बरे चालतात. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेतून महिलांच्या खात्यात दरमहा दीड हजार रुपये येऊ लागले. हा पैसा हंगामावर अवलंबून नाही, तो महिन्याच्या महिन्याला येतो, आणि तो ज्यांच्या हाती येतो त्यांना तालुक्याला सहज जाता येत नाही. बाजारगावच्या दुकानाला गेल्या कित्येक वर्षांत मिळालेला हा पहिला नियमित गिऱ्हाईकवर्ग आहे. स्त्रियांना हवे ते कापड, भांडे, बांगडी, मुलांची वही गावातच बऱ्या प्रतीची मिळाली, तर त्यातील पुष्कळ पैसा गावातच फिरेल.

उपायांच्या बाबतीत मला तीन गोष्टी तातडीच्या वाटतात. सरकारी हमीभावाने सोयाबीन व कापूस खरेदी होतो तेव्हा चुकारा आठवड्याच्या आत खात्यात पडला, तर त्याचा लाभ शेतकऱ्याइतकाच पेठेलाही होतो. महिनाभराचा विलंब म्हणजे दुकानदाराच्या एका हंगामाच्या भांडवलाचा लोप. दुसरे, फेरीवाल्यांसाठी २०२० मध्ये आलेली स्वनिधी कर्जयोजना शहरी विक्रेत्यांना डोळ्यांपुढे ठेवून आखली गेली. बाजारगावच्या दुकानदाराला मुद्रा कर्जाचा मार्ग खुला आहे, पण त्याची परतफेड महिन्यामहिन्याची असल्याने हंगामी धंद्याला ती जाचते. पीककर्ज जसे हंगामाच्या अखेरीस फेडण्याची मुभा असते, तशी मुभा या दुकानदारालाही देण्यास कोणतीही तात्त्विक अडचण दिसत नाही.

तिसरी गोष्ट दुकानदारांनी स्वतः करावयाची आहे. मुंबईत १९४८ मध्ये नायगावच्या कामगारवस्तीत अपना बाजार उभा राहिला आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायतीने सामुदायिक खरेदीचा मार्ग धरला; दोन्ही ठिकाणी लहान माणसांनी एकत्र येऊन घाऊक भाव मिळवला. हेच काम गिऱ्हाइकांऐवजी दुकानदारांनी केले तर? वालूर आणि भोवतालच्या गावांतील पंधरा-वीस किराणा दुकानदारांनी सेलू येथे एक सामाईक वखार घेतली, साखर, तेल, डाळी एकत्र उचलल्या, एकच गाडी ठरवून आठवड्याला माल फिरवला आणि गिऱ्हाइकाच्या बाकीची माहिती एकमेकांपासून न लपवता बुडीत उधारी आवरली, तर आज घाऊक व्यापाऱ्याने नाकारलेली मुदत त्यांना एकत्र मिळू शकेल. यासाठी कायद्यात बदल नको; सहकारी संस्थेची नोंदणी, पहिल्या वर्षाचे भागभांडवल आणि हिशेब चोख ठेवणारा एक मुनीम एवढे पुरे आहे. अडचण आहे ती शेजारच्या दुकानाला प्रतिस्पर्धी मानण्याच्या जुन्या सवयीची, आणि ती सवय मोडण्यास तरुण मुलगा गादीवर असेपर्यंतचाच अवधी आहे.